नवाब, खुर्ची सोड

पेवात पडलेलं कुत्र्याचं पिल्लू वर काढणं हे जावयाचं काम नव्हे. हे मला तेव्हाही कळत होतं. पण ताडकळसला माझ्या सासरी त्या दिवशी पेवाभोवती जी माणसं जमली होती, त्यांतला प्रत्येक जण सल्ला द्यायला आला होता. सल्ला देणारांची गर्दी झाली की काम नेहमी गप्प उभ्या असलेल्या माणसाच्या गळ्यात पडतं. मी गप्प उभा होतो.

पेव म्हणजे अंगणाच्या पोटात खणलेली ज्वारीची कोठी. तोंड घागरीसारखं अरुंद आणि आत बैलगाडी मावेल एवढी जागा. सासऱ्यांनी ज्वारी काढून पेवाला वारं लागावं म्हणून तोंड उघडं ठेवलं होतं, आणि त्यात हे पिल्लू पडलं. त्याची आई कोण, ते आलं कुठून, कुणालाच ठाऊक नव्हतं. खालून ते असं केकाटत होतं की चुलीपाशी बायकांना एकमेकींचं बोलणं ऐकू येईना. पेवात उतरणारा गडी सटवाजी नेमका पालमला गेलेला. माझा मेहुणा गुरुपाद धोतर खोचून पुढं झाला, पण पाय आत गेले आणि पोट बाहेर राहिलं. त्याला वर ओढायलाच तिघं लागले.

"दाजी, तुमी सडपातळ हाव," वर आल्यावर तो मला म्हणाला.

"जावयाला पेवात सोडलं तर गाव काय म्हणंल?" सासूबाई दारातून म्हणाल्या. त्या एका वाक्यासाठी मी त्यांचा जन्मभर ऋणी आहे.

पण मोकळं सुटता येईना. मी डोक्याचा पटका सोडला आणि त्याचं एक टोक खाली सोडलं. फास करून पिल्लाला त्यात अडकवावं असा माझा विचार होता. पिल्लाचा विचार निराळा होता. त्यानं टोक दातांत धरलं आणि जे धरलं ते धरलंच. मी हात हात पटका वर ओढत गेलो आणि आडातून पोहरा वर यावा तसं ते लोंबकळत वर आलं. तपकिरी रंग, एक कान उभा, एक पडलेला, अंगभर ज्वारीचा भुसा. वर आल्यावरही पटका सोडेना.

"ज्यानं काढलं त्याचं," गुरुपादनं जाहीर केलं. "आमच्याकडं तसा रिवाजच हाय."

हा रिवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता आणि नंतरही ऐकला नाही. मी बायकोकडं पाहिलं. नीलम्मानं लग्न झाल्यापासून माझ्याकडं फारसं काही मागितलं नव्हतं. ती पिल्लाच्या अंगावरचा भुसा झाडायला बसली होती.

"नेऊ या का आपुन?" ती म्हणाली.

मी परभणीच्या कचेरीत नक्कलनवीस. दिवसभर उर्दू हुकमांच्या नकला उतरवणारा माणूस. नकला उतरवणाराला नाही म्हणायची सवय राहत नाही.

गाडीबैलानं आम्ही पिंगळी स्टेशनला आलो. तिथल्या मास्तरांनी पिल्लू पाहून चष्मा पुसला. कुत्र्याला निराळं तिकीट, कुत्रं गार्डाच्या डब्यात, आणि गळ्यात साखळी असल्याशिवाय गार्ड ते घेणार नाही, हे सगळं त्यांनी मला अत्यंत सभ्यपणे सांगितलं. पिंगळीत साखळी कुठं मिळणार? शेवटी पटक्याचंच एक टोक पिल्लाच्या गळ्यात बांधलं आणि दुसरं माझ्या मनगटाला. नियम पाळला गेला, पण माझं डोकं उघडं पडलं. त्या काळी भर दिवसा माणूस उघड्या डोक्यानं चारचौघांत दिसला की त्याचा अर्थ एकच होत असे, घरात कुणी गेलं.

बाकावर एक म्हातारी होती. तिनं जरा वेळ माझ्याकडं पाहिलं आणि सरकून जागा दिली.

"कवा झालं, बाबा?"

पिल्लाबद्दलच विचारते आहे असं मला वाटलं. "आज सकाळीच," मी म्हणालो.

"कशानं?"

"पेवात पडलं."

"आरं देवा. लय वाईट." तिनं पदर डोळ्यांना लावला. "लेकरू किती मोठं होतं?"

"हे काय, एवढंच हाय," म्हणून मी पायाशी बोट दाखवलं. म्हातारीनं वाकून पाहिलं. तिनं पदर डोळ्यांवरून काढला आणि पुन्हा सरकून होती तिथं जाऊन बसली. गाडी येईपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही.

परभणीला घरी अव्वा होती. अव्वा म्हणजे माझी आई, शिवम्मा. गळ्यात लिंग, कपाळी विभूती, आणि पहाटेची पूजा झाल्याशिवाय तोंडात पाण्याचा थेंब नाही. तिनं पिल्लाकडं पाहिलं, मग माझ्या उघड्या डोक्याकडं पाहिलं.

"हे उंबऱ्याच्या आत आलं की मी लेकीकडं निघाले," ती म्हणाली. एवढंच बोलून ती आत गेली. अव्वा थोडं बोलते, आणि जे बोलते ते करते. म्हणून पिल्लाचा मुक्काम पुढच्या ओसरीवर ठरला.

ओसरीवर माझी खुर्ची होती. सागवानी, हातांची, आमच्या गल्लीतली एकमेव. कचेरीतून आल्यावर मी तीत बसत असे, आणि जाणारे-येणारे रामराम करीत. पिल्लानं पहिल्याच संध्याकाळी सगळं घर बाहेरून नीट पाहून घेतलं आणि त्या खुर्चीत जाऊन बसलं. उतरवलं की पुन्हा चढलं. नीलम्मानं कोरडी भाकर पुढं टाकली तर वास घेऊन तोंड फिरवलं. तिनं वर तुपाचं बोट ओढलं तेव्हा खाल्लं.

"नवाबच हाय की ह्यो," नीलम्मा हसून म्हणाली. झालं, नाव पडलं. नाव ठेवताना माणसानं पंचांग पाहावं म्हणतात. निजामाच्या राज्यात आजूबाजूलाही पाहायला हवं होतं.

नवाबला शिस्त लावायची हे माझ्या मनानं घेतलं, आणि गल्लीला ते कळायला वेळ लागला नाही. पहिल्यांदा आबासाहेब आले. आबासाहेब करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर जमादार होते आणि आता घरी बसून उरलेल्या जगावर जमादारी करीत.

"ईश्वरअप्पा, कुत्र्याला हुकूम मराठीत देऊ नका," ते म्हणाले. "मराठी ही घरची भाषा हाय. घरच्या भाषेत हुकूम कुणी ऐकतंय का? उर्दूत द्या. हातात काठी घ्या, नजर रोखा अन् म्हणा, बैठ जाव."

मी काठी घेतली, नजर रोखली आणि म्हणालो. नवाबनं काठीचं दुसरं टोक तोंडात धरलं. आम्ही दोघं काही वेळ ओढाओढ करीत राहिलो. मग काठी त्याच्याकडं गेली आणि ती तोंडात आडवी धरून तो गल्लीभर धावला. वाटेत नर्मदाबाईंची पाण्याची कळशी होती.

नर्मदाबाई समोर राहत. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी मीठ-मोहऱ्या आणून नवाबवरून ओवाळल्या आणि मग, माझ्याकडं जरा निरखून पाहत, माझ्यावरूनही ओवाळल्या. "दोघांलाबी दृष्ट लागलेली दिसतीया," त्या नीलम्माला म्हणाल्या.

तिसरा सल्ला बन्सीधरचा. त्याचं कोपऱ्यावर कापडाचं दुकान. "मुन्शीजी, कुत्र्यात जोर लय हाय. तो जिरवा. रोज सकाळी त्याला पळवा." पळवायचा म्हणजे मीही पळायचं, हे त्यानं सांगितलं नाही. दुसऱ्या सकाळी मी दोरी धरून निघालो. बाजाराच्या तोंडाशी नवाबला एक म्हैस दिसली. तो तिच्या एका बाजूनं गेला, मी दुसऱ्या बाजूनं गेलो, आणि दोरी मध्ये राहिली. म्हैस चालायला लागल्यावर आम्ही तिघं मिळून कचेरीच्या फाटकापर्यंत आलो. फाटकात आमचे पेशकारसाहेब उभे होते. शेरवानीला बटणं लावत त्यांनी मला येताना पाहिलं आणि मान दुसरीकडं वळवली. वरिष्ठानं रागवावं, पण मान वळवू नये.

इतकं होऊनही मी सोडलं नाही. रोज सकाळी कचेरीला निघण्याआधी मी ओसरीवर उभा राहून त्याला शिकवू लागलो. तो खुर्चीत आणि मी समोर. माझा आवाज मुळात बारीक आहे, त्यामुळं जरब आणायची तर वरच्या पट्टीत जावं लागे. "नवाब, खुर्ची सोड. नवाब, ही खुर्ची तुझ्या बापाची न्हाई. लोकांचं खाऊन माजलास तू. आता तुझे दिवस भरले, नवाब." नवाब जांभई देई. बन्सीधरचं कापड त्यानं ओढून आणलं, आबासाहेबांचा एक जोडा नेला, नर्मदाबाईंचे वाळत घातलेले पापड तुडवले. तक्रारी माझ्याकडं येत, आणि मी त्या दुसऱ्या सकाळी वरच्या पट्टीत नवाबला ऐकवी.

ते दिवस बरे नव्हते. विलायतेत लढाई जुंपलेली होती. इकडं राज्यातही कोण कुठं काय बोललं यावर कान ठेवून असलेली माणसं फिरत होती. सभेला गेला म्हणून कुणाची नोकरी गेली, टोपी बदलली म्हणून कुणाला बोलावणं आलं, अशा गोष्टी कचेरीत आम्ही पान लावताना हळू बोलत असू. मी त्यांतला नव्हतो. मी कुठल्याच गोष्टीतला नव्हतो. म्हणून एका सकाळी पोलिसाचा जवान दारात येऊन "अमीनसाब बुलाये" म्हणाला, तेव्हा मला वाटलं, एखादी नक्कल हवी असेल.

चौकीत अमीनसाहेब, म्हणजे तिथले फौजदार, टेबलामागं बसले होते. दाढी पांढरी, आवाज मऊ. मला बसा म्हणाले नाहीत.

"मुन्शीजी, गल्ली में खडे होके नवाब को गालियां देते कते तुम. सरकारी मुलाजिम होके?"

कुणी तरी त्यांना तसं सांगितलं होतं. त्यांनी जवानाला खूण केली. तो जवान काही दिवस आमच्या गल्लीच्या तोंडाशी उभा असावा. भिंतीकडं पाहत, पाठ केलेला धडा म्हणावा तसं त्यानं सुरू केलं. "नवाब, खुर्ची सोड. नवाब, ही खुर्ची तुझ्या बापाची न्हाई. लोकांचं खाऊन माजलास तू. आता तुझे दिवस भरले, नवाब."

एक शब्द इकडचा तिकडं नव्हता. नक्कलनवीस म्हणून मला त्याच्या पाठांतराचं कौतुक वाटायला हवं होतं. पण ती वाक्यं दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर त्यांचा दुसरा कुठला अर्थ होऊ शकेल, असं मलाही वाटेना.

"साहेब, ते कुत्रं हाय," मी म्हणालो.

जवानाची मान भिंतीवरून माझ्याकडं वळली. आपण आता काय बोललो हे माझ्या लक्षात यायला एक क्षण लागला.

"म्हणजे माझं कुत्रं, साहेब. त्याचं नाव."

अमीनसाहेबांच्या आवाजातला मऊपणा गेला. "ऐसा तो कोई भी बोलेगा," ते म्हणाले. माझ्या डोळ्यांपुढं ओसरी आली, नीलम्मा आली, अव्वा लेकीच्या दारात गाठोडं घेऊन उभी असलेली दिसली. नोकरी गेली तर मला दुसरं काहीही येत नव्हतं. लोकांनी लिहिलेलं पुन्हा लिहिण्यापलीकडं मी आयुष्यात काही केलेलं नव्हतं.

तेवढ्यात बाहेर गलका झाला. पुढं आबासाहेब, जमादारकीचा जुना पट्टा कमरेला बांधून. मागं बन्सीधर, तोही आठवडी बाजाराच्या दिवशी दुकानाला कुलूप घालून. नर्मदाबाई. नीलम्माच्या हातात दोरी आणि दोरीला नवाब. आणि सगळ्यांच्या मागं, पदर डोक्यावर घेऊन, अव्वा. गल्लीच्या बाहेर ती शिवालयाखेरीज कुठं जात नसे. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. जवान मला घेऊन जाताना नर्मदाबाईंनी पाहिलं होतं, तेवढंच.

आबासाहेबांनी सलाम केला आणि माझ्या बाजूनं बोलायला सुरुवात केली. बाजू कसली, ती तक्रारच होती. "हुजूर, ह्या नवाबनं माझा जोडा नेला." त्यांनी उरलेला जोडा टेबलावर ठेवला. बन्सीधरनं चावलेलं कापड उलगडलं. नर्मदाबाई पापडांचं बोलायला लागल्या ते थांबेनात. इतके दिवस जे जे मला ऐकून घ्यावं लागलं होतं, ते सगळं त्या दिवशी माझ्या निर्दोषपणाचा पुरावा म्हणून त्या टेबलावर मांडलं जात होतं.  ही माणसं आपल्याला हसायलाच दारात येतात, असं मी आजवर समजत होतो.

अमीनसाहेबांनी हात वर केला. "पडोसी तो पडोसी का बोलेंगेच. कुत्ते को बोलने देव. उसकू बुलाव. नवाब नाम है तो आयेगा."

नवाब आजवर माझ्या हाकेला एकदाही आला नव्हता.

नीलम्मानं दोरी सोडली. नवाब सरळ त्या जवानाकडं गेला आणि त्याच्या पोटरीला गुंडाळलेली गणवेशाची पट्टी सोडवू लागला. मी हाक मारली. त्यानं पट्टीचा दुसरा वेढा काढला. मी वरच्या पट्टीत मारली, खालच्या पट्टीत मारली, मराठीत, उर्दूत, शेवटी हात जोडून मारली. आबासाहेबांना राहवेना. ते छाती भरून ओरडले, "बैठ जाव." कोपऱ्यातला एक शिपाई सवयीनं खाली बसला. नवाब बसला नाही.

अमीनसाहेबांनी दाढीवरून हात फिरवला. ते काही बोलणार, एवढ्यात अव्वा पुढं आली. चौकीच्या उंबऱ्याच्या बाहेर तिनं जमिनीवर बसकण मारली आणि साध्या, हळू आवाजात, जशी ती मला लहानपणी जेवायला बोलवी तशी, म्हणाली, "नवाब, ये बाळा."

नवाबनं पट्टी टाकली. तो आला, तिच्यापुढं उंबऱ्याला नाक लावून बसला, आणि दोन्ही कान, पडलेला सुद्धा, उभे करून तिच्या तोंडाकडं पाहू लागला. अव्वानं पदराच्या गाठीतून भाकरीचा तुकडा काढला. तिनं "थांब" म्हटलं, तो थांबला. "घे" म्हटलं, तेव्हा त्यानं घेतला. उंबरा मात्र ओलांडला नाही.

मी नीलम्माकडं पाहिलं, नीलम्मा माझ्याकडं पाहत होती. मग उमगलं. रोज पहाटे पूजा झाल्यावर अव्वा परसदारी जात असे, आणि आम्हाला वाटे, ती तुळशीला पाणी घालते.

"तुला कसं जमलं, अव्वा?" मी तिथंच विचारलं.

"तू त्याला हाक मारतोस का हुकूम वाचून दाखवतोस?" ती म्हणाली. "रोज एकच शब्द सांगायचा. ऐकला की घास द्यायचा. न्हाई ऐकला तर उद्या पुन्हा सांगायचा. लेकरं अशीच शिकत्यात. तू पण तसाच शिकलास, तुला आठवत न्हाई."

अमीनसाहेब उठून उंबऱ्यापाशी आले. त्यांनी अव्वाला आदाब केला. "मुन्शीजी," ते माझ्याकडं वळले, आता आवाजात मऊपणा परत आला होता, "कुत्ता तुमारा, मगर नाम सरकार का. नाम बदल देव. और आहिस्ता बोला करो. सबके कान एक जैसे नहीं रहते." जवानाला ते म्हणाले, "पट्टी बांध लेव."

परत येताना आम्ही सगळे रस्त्याच्या कडेनं एका रांगेत चाललो होतो. आभार कसे मानायचे मला समजेना. बन्सीधरला मी दुकानाचा खोळंबा झाला म्हणालो, तर तो म्हणाला, "आवो, दुकान उद्या पण हाय. तुमी नसता तर त्या कुत्र्याला कोण सांभाळतं? आमच्याच दारात आलं असतं." आबासाहेब एका पायात जोडा घालून चालले होते. दुसरा नवाबकडं होता आणि आजतागायत सापडलेला नाही. मी त्यांना नवे जोडे देतो म्हटलं, ते त्यांनी मनावर घेतलं नाही. "आमच्या गल्लीचा माणूस चौकीत उभा राहतो म्हंजे काय," एवढंच ते दोनतीनदा म्हणाले.

नवं नाव ठरवायला गल्ली आमच्या ओसरीवर बसली. राजा म्हटलं तर कुठला राजा हा प्रश्न आला, आणि लढाईच्या दिवसांत तो नवाबापेक्षा अवघड होता. सरदार नको, दिवाण तर नकोच. वाघ्या नाव आबासाहेबांच्या व्याह्याचं निघालं. अखेर नर्मदाबाई म्हणाल्या, सोन्या म्हणा, सोन्यावर कुणाचा राग नसतो. सगळ्यांनी मान हलवली. सोन्यानं हलवली नाही. आमची शिकवणी पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. या खेपेला मात्र मी अव्वाच्या शेजारी परसदारी बसून, हातात भाकरी घेऊन, हळू आवाजात शिकलो. तो किती शिकला ते सांगवत नाही, पण मला हळू बोलायची सवय लागली. कचेरीतही लागली, घरीही लागली. नीलम्मानं एकदा विचारलं, तुमची तब्येत बरी हाय ना. खुर्चीवर तोच बसतो. मी अव्वाजवळ पायरीवर बसतो, आणि जाणारे-येणारे पूर्वीपेक्षा जास्त वेळ थांबतात.

दिवाळीच्या सुमाराला अमीनसाहेब गल्लीतून पायी चालले होते. मी उठून सलाम केला. ते थांबले.

"क्या नाम रक्खे?"

"सोन्या, साहेब."

"सोन्या," त्यांनी हाक मारली. खुर्चीतून काहीच हाललं नाही. अमीनसाहेबांनी गल्लीच्या या टोकाला पाहिलं, त्या टोकाला पाहिलं. मग ते खाली वाकले आणि मला जेमतेम ऐकू येईल इतक्या हळू म्हणाले, "नवाब."

तो खुर्चीतून उडी मारून खाली आला आणि त्यांच्या बुटावर पंजा ठेवून बसला. अमीनसाहेबांनी त्याच्या पडलेल्या कानामागं खाजवलं. उभे राहून त्यांनी शेरवानी झटकली. "हमने कुछ नहीं सुने," ते माझ्याकडं न पाहता म्हणाले आणि चालू लागले.

मी आत जाऊन अव्वाला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. तिचा हात थांबला नाही.

"चांगला माणूस हाय," ती म्हणाली. "पण हाक मारून रिकामा हात दाखवू नये. पुढच्या वेळी आला की आधी माझ्याकडं पाठव, तुकडा घेऊन जाईल."